वाचकांचे प्रश्न : पेशींचे वार्धक्य आणि मूलपेशी

मागील अंकात या सदरात जखम भरून येण्याच्या प्रक्रियेविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत एकच विचारणा होती : वय वाढले की शरीराची ही दुरुस्ती मंदावते ती का, आणि तिला पुन्हा गती देता येते का. काहींनी स्टेम सेल उपचारांच्या जाहिरातींची कात्रणेही सोबत जोडली आहेत. म्हणून या वेळी सगळी जागा या एकाच विषयाला दिली आहे.

प्रश्न : माणसाच्या पेशी ठरावीक वेळाच विभागतात, असे वाचनात आले. ही मोजणी कोणी व कशी केली? आणि मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतच असतील, तर शरीर म्हातारे का व्हावे?
– एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : ही मोजणी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातल्या विस्टार संस्थेत झाली. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी मानवी गर्भाच्या ऊतींतून वेगळ्या केलेल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या आणि १९६१ मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. भांड्याचा तळ पेशींनी भरला की निम्म्या पेशी नव्या भांड्यात काढायच्या, त्या दुप्पट होऊन पुन्हा तळ भरला की पुन्हा निम्म्या काढायच्या, अशी ती पद्धत होती. साधारण ४० ते ६० वेळा दुप्पट झाल्यावर पेशी थांबत. त्या मरत नसत. पोषकद्रव्य मिळत राहिले तर कित्येक महिने जिवंत राहत, पण पुन्हा विभागत नसत.

त्या काळी हे मान्य होणे अवघड होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कॅरेल या नोबेलविजेत्या शल्यविशारदाने १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या हृदयापासून वाढवायला घेतलेल्या पेशी १९४६ पर्यंत राखण्यात आल्या होत्या, आणि शरीराबाहेर काढलेली पेशी योग्य पोषण मिळाल्यास अमर असते, हा समज त्यामुळे पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला होता. कॅरेल यांचा प्रयोग पुढे कोणालाही तसाच करून दाखवता आला नाही. पोषणासाठी भांड्यात घातल्या जाणाऱ्या गर्भाच्या अर्काबरोबर दर वेळी काही ताज्या पेशी आत पडत असाव्यात, हे स्पष्टीकरण आज बहुतेकांना पटते.

हेफ्लिक यांनी आक्षेपांना दिलेले उत्तर मला प्रयोगविज्ञानातील अतिशय देखणे उत्तर वाटते. सुमारे ४० वेळा दुप्पट होऊन थकत आलेल्या पुरुषाच्या पेशी आणि जेमतेम १० वेळा दुप्पट झालेल्या स्त्रीच्या पेशी त्यांनी एकाच भांड्यात समप्रमाणात मिसळल्या, आणि दोन्ही प्रकारच्या पेशी स्वतंत्र भांड्यांतही वाढत ठेवल्या. एकट्या ठेवलेल्या पुरुषपेशी थांबल्या त्या वेळी मिश्र भांडे तपासले, तर त्यात स्त्रीपेशीच तेवढ्या उरल्या होत्या. पोषकद्रव्यात खोट असती किंवा भांड्यात विषाणू शिरला असता, तर दोन्ही पेशी थांबायला हव्या होत्या. मोजदाद पेशीच्या आतच चालू आहे, हे यातून सिद्ध झाले. द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे गोठवून ठेवलेल्या पेशीही बाहेर काढल्यावर आपल्या वाट्याची उरलेली विभाजने तेवढी करतात आणि थांबतात.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक खोल आहे. या मर्यादेवरून माणसाच्या आयुष्याचा सरळ हिशेब मांडता येत नाही, कारण वृद्ध व्यक्तीच्या त्वचेतून घेतलेल्या पेशीही भांड्यात बऱ्याच वेळा विभागतात. शिवाय आतड्याच्या अस्तरातील पेशी ३ ते ५ दिवसांत आणि तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवसांत संपतात, त्यांची भरपाई त्या पेशी स्वतः करत नाहीत. ती प्रत्येक ऊतीत राखून ठेवलेल्या थोड्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, करतात. म्हणून शरीराच्या वार्धक्याचा विचार करताना दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : थांबलेल्या पेशी ऊतीत साचून काय करतात, आणि नव्या पेशी पुरवणाऱ्या मूलपेशींचे वयाबरोबर काय होते. पुढील उत्तरांत दोन्हींचा विचार केला आहे.

प्रश्न : टेलोमिअर लांब केल्याने वय उलटते, असा दावा करणाऱ्या गोळ्या ऑनलाइन मिळतात. टेलोमिअर आखूड होणे हेच वार्धक्याचे कारण असेल, तर हा उपाय चुकीचा कसा?
– औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : टेलोमिअर हा गुणसूत्राच्या टोकाचा भाग. माणसात तेथे टीटीएजीजीजी ही डीएनएच्या सहा अक्षरांची मालिका हजारो वेळा एकापुढे एक येते. डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा धाग्याच्या अगदी टोकापर्यंत पोहोचू शकत नाही, त्यामुळे प्रत्येक विभाजनात टोकाचा लहानसा भाग प्रतीत उतरायचा राहतो. मॉस्कोतील अलेक्सेई ओलोव्निकोव्ह यांनी १९७१ मध्ये ही अडचण ओळखली आणि हेफ्लिक यांनी दाखवलेली मर्यादा यातूनच आली असावी, असा तर्क मांडला. त्या वेळी तो तपासण्याचे साधन हाताशी नव्हते. भांड्यात वाढवलेल्या मानवी पेशींत दर विभाजनाला साधारण ५० ते २०० अक्षरे गळतात. टोक फार आखूड झाले की पेशीला तो डीएनएचा तुकडा मोडल्यासारखा भासतो, पी५३ हे प्रथिन जागे होते आणि विभाजन कायमचे बंद होते.

मग शुक्रपेशी, बीजपेशी आणि एकपेशीय जीव पिढ्यानपिढ्या कसे टिकले? एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी तळ्याच्या पाण्यात राहणाऱ्या टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या गुणसूत्रांची टोके अभ्यासली, जॅक शोस्टाक यांच्यासोबत त्या टोकांचे संरक्षक कार्य दाखवले, आणि १९८४ च्या नाताळात त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर हिला ही टोके पुन्हा बांधून काढणाऱ्या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, पहिला पुरावा मिळाला. त्या विकराला पुढे टेलोमरेज हे नाव मिळाले. या तिघांना २००९ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. सामान्य मानवी पेशींत टेलोमरेजचे जनुक घातले तर त्या हेफ्लिक मर्यादा ओलांडतात, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. गोळ्या विकणाऱ्यांची गोष्ट येथे थांबते. वस्तुस्थिती मात्र येथून पुढे सुरू होते.

मानवी कर्करोगांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के गाठींत टेलोमरेज पुन्हा चालू झालेले आढळते. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून १९५१ मध्ये, तिची संमती न घेता, काढलेल्या हेला पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत, त्याही टेलोमरेजच्या बळावर. याचा अर्थ असा की दीर्घायुषी प्राण्याच्या शरीरात विभाजनाला घातलेली मर्यादा ही गाठ वाढण्याआधीच रोखणारी व्यवस्था आहे. पेशीत कर्करोगाकडे नेणारा एखादा बदल झाला, तरी ती काही डझन विभाजनांनंतर थांबते. प्रयोगशाळेतील उंदरांचे टेलोमिअर माणसापेक्षा कितीतरी लांब असतात, तरी ते दोन-तीन वर्षेच जगतात. तेव्हा लांबी आणि आयुष्य यांचा संबंध सरळ नाही, हे उघड आहे.

माणसातील दोन टोकाची उदाहरणे पाहिली की हा तोल स्पष्ट होतो. टेलोमरेजच्या जनुकांत जन्मजात दोष असलेल्यांची, हाडांच्या आत रक्त बनवणारी अस्थिमज्जा लवकर निकामी होते, फुप्फुसे कडक होतात, केस अकाली पिकतात. याउलट पीओटी१ या जनुकातील दोषामुळे ज्यांचे टेलोमिअर असाधारण लांब राहतात, अशा कुटुंबांचा अभ्यास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्या व्यक्तींत साध्या व कर्करोगाच्या गाठींचे प्रमाण जास्त होते, आणि रक्तातील पेशीही एखाद-दुसऱ्या मूलपेशीच्या वंशाने व्यापलेल्या होत्या. आपण औषधनिर्माणशास्त्र शिकत आहात, म्हणून आग्रहाने लिहितो : टेलोमिअर लांब केल्याने निरोगी माणसाचे आयुष्य वाढते, असे कोणत्याही गोळीबाबत सिद्ध झालेले नाही, आणि एखादी गोळी खरोखर तसे करू लागली तर तिच्याविषयी पहिला प्रश्न कर्करोगाचा विचारावा लागेल.

प्रश्न : विभाजन थांबवलेल्या पेशी शरीराला नुसत्या निरुपयोगी असतात की अपायकारकही? त्या काढून टाकण्याची औषधे निघाली आहेत काय?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : अशा पेशींना आपण येथे जरठ पेशी म्हणू. त्या निष्क्रिय नसतात. विभाजन बंद केल्यानंतर त्या दाह वाढवणारी प्रथिने आणि भोवतालचे ऊतक सैल करणारी विकरे मोठ्या प्रमाणात स्रवू लागतात. तरुण वयात हा स्राव उपयोगी असतो : तो रोगप्रतिकारक पेशींना बोलावून आणतो, त्या येऊन जरठ पेशी गिळतात, आणि जखमेच्या जागी हे सगळे घडल्याने भरून येण्यास मदतच होते. गर्भाची वाढ होतानाही काही ठिकाणी अशा पेशी थोडा काळ दिसतात. वय वाढल्यावर ही सफाई अपुरी पडते, पेशी साचतात आणि त्यांच्या स्रावाने शेजारच्या निरोगी पेशीही जरठ होऊ लागतात. पातेलेभर दूध बदलायला चमचाभर विरजण पुरते, तसे काही टक्के जरठ पेशी संपूर्ण ऊतीचे वर्तन बदलू शकतात.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये २०११ साली लवकर म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांतून पी१६ हे प्रथिन बनवणाऱ्या जरठ पेशी जनुकीय युक्तीने काढून टाकल्या, तेव्हा त्यांच्या स्नायूंची झीज आणि मोतीबिंदू लांबणीवर पडले. २०१५ मध्ये रक्ताच्या कर्करोगावरील डॅसॅटिनिब आणि वनस्पतींतील क्वर्सेटिन यांची जोडी अशा पेशी मारते, हे दाखवण्यात आले. माणसांवरील अनुभव अजून तोकडा आहे. फुप्फुसे कडक होण्याच्या आजारात १४ रुग्णांवर झालेली छोटी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत चालण्याच्या क्षमतेत थोडी सुधारणा दिसली, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. गुडघ्याच्या संधिवातासाठी याच तत्त्वावर बनवलेले एक औषध २०२० मध्ये मोठ्या चाचणीत तुलनेसाठी दिलेल्या निष्क्रिय औषधापेक्षा (प्लसीबो) सरस ठरले नाही. डॅसॅटिनिब हे प्रखर औषध आहे. तरुण राहण्यासाठी ते स्वतःच्या मनाने घेणारी माणसे आहेत, आणि मला त्यांची खरोखर काळजी वाटते.

प्रश्न : वयाबरोबर मूलपेशी संपून जातात, की असूनही काम करेनाशा होतात?
– विज्ञानाची एक वाचक, पणजी

उत्तर : अवयवागणिक उत्तर वेगळे आहे, आणि म्हणूनच या प्रश्नात संशोधक गुंतून पडले आहेत. रक्तापासून सुरुवात करणे बरे, कारण मूलपेशींचे अस्तित्वच प्रथम रक्तात सिद्ध झाले. हेफ्लिक यांचा निबंध आला त्याच १९६१ साली टोरोंटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलॉक यांनी किरणोत्साराने अस्थिमज्जा नष्ट केलेल्या उंदरांना निरोगी उंदरांच्या मज्जेतील पेशी टोचल्या. काही दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर गाठी उठल्या. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली होती आणि तिच्यात वेगवेगळ्या प्रकारच्या रक्तपेशी होत्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर माउरो यांना बेडकाच्या स्नायूतंतूंना चिकटून बसलेल्या, पुढे स्नायूंच्या मूलपेशी म्हणून ओळखल्या गेलेल्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या.

माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला २० लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार होतात. हे प्रचंड उत्पादन मधल्या टप्प्यावरील पेशी करतात; खरी मूलपेशी बहुतेक काळ विश्रांत असते आणि वर्षातून एक-दोनदाच विभागत असावी, असा अंदाज आहे. कमी विभाजने म्हणजे प्रत काढताना होणाऱ्या चुकाही कमी, त्यामुळे ही विश्रांतीच तिचे रक्षण करते. वृद्ध उंदरांत रक्ताच्या मूलपेशींची संख्या घटण्याऐवजी वाढलेली सापडते, हे प्रथम वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटते. पण त्या तरुण मूलपेशींइतक्या समर्थ नसतात : दुसऱ्या उंदराच्या मज्जेत बसवल्यास कमी रुजतात, आणि लिम्फोसाइट, म्हणजे विशिष्ट जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी व इतर पांढऱ्या पेशी जास्त बनवतात. माणसातही लिम्फोसाइटकडील हा ओघ वयाबरोबर आटतो. उतारवयात लशींना कमी प्रतिसाद मिळतो, त्यामागे छातीतील थायमस ग्रंथी आक्रसण्याबरोबर हेही एक कारण आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट गेल्या दशकात उघड झाली. ७० वर्षांपुढील १० टक्क्यांहून अधिक माणसांच्या रक्तात एखाद्या मूलपेशीचा वंश इतरांना मागे सारून पसरलेला असतो, आणि त्या वंशात बहुधा डीएनएमटी३ए किंवा टीईटी२ या जनुकांपैकी एकात बदल झालेला असतो. अशा व्यक्तींना रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि हृदयविकाराचाही वाढतो, कारण या वंशातील पांढऱ्या पेशी अधिक दाह निर्माण करतात. केंब्रिजजवळील वेलकम सँगर संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या व्यक्तींच्या मूलपेशींची वंशावळ त्यांच्यातील उत्परिवर्तनांवरून मांडली. ६५ वर्षांखालील प्रौढांचे रक्त २० हजार ते २ लाख मूलपेशी मिळून बनवत होत्या, तर ७५ पुढील व्यक्तींत अवघे १२ ते १८ वंश ३० ते ६० टक्के रक्त पुरवत होते. हे वंश वृद्धापकाळात एकाएकी उगवलेले नव्हते. त्यांच्यातील बदल कित्येक दशके आधी, काही तर बालपणी, झाले होते.

नेदरलँड्समधील हेन्ड्रिक्ये व्हान आंडेल-शिपर २००५ मध्ये ११५ व्या वर्षी वारल्या. त्यांनी आपला देह विज्ञानाला दिला होता. त्यांच्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे दोन तृतीयांश पेशी केवळ दोन मूलपेशींपासून आलेल्या होत्या, आणि त्या पांढऱ्या पेशींचे टेलोमिअर मेंदूच्या पेशींच्या तुलनेत अतिशय आखूड झाले होते, असे २०१४ च्या अभ्यासात आढळले. विशेष हे की रक्ताचा कोणताही आजार त्यांना नव्हता. रोगाशिवायही मूलपेशींचा साठा कोठवर आटू शकतो, हे त्यांच्या दानामुळे आपल्याला कळले.

स्नायूंची गोष्ट निराळी आहे. तेथील मूलपेशी काही प्रमाणात घटतात, पण उरलेल्यांची मुख्य अडचण भोवतालची असते. जखम झाल्यावर तंतूंकडून जागे करणारा संदेश यायला हवा, तो वृद्ध स्नायूत क्षीण होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात २००५ मध्ये तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांची त्वचा शिवून त्यांचे रक्ताभिसरण एक केले, तेव्हा म्हाताऱ्या उंदरांच्या स्वतःच्याच मूलपेशी पुन्हा कामाला लागल्या. क्षमता शिल्लक होती, तिला प्रतिसाद देण्याजोगे वातावरण उरले नव्हते. या प्रयोगाचा बाजारू अर्थ लगेच निघाला आणि तरुणांचे रक्तद्रव्य विकणारी दुकाने अमेरिकेत उघडली. अखेर फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाला त्याविरुद्ध जाहीर इशारा द्यावा लागला. जोडलेल्या उंदराला तरुण रक्ताबरोबर तरुण यकृत आणि तरुण मूत्रपिंडांचीही सेवा मिळत होती, हे त्या जाहिरातींत कोणी सांगत नव्हते. स्नायूंच्या बाबतीत आपल्या हाती असलेला निश्चित उपाय म्हणजे भार उचलण्याचा नियमित व्यायाम. नव्वदी गाठलेल्या माणसांतही त्याने ताकद वाढते, हे अनेकदा दिसले आहे.

प्रश्न : काळजीने केस पांढरे होतात, हे खरे का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : उंदरांत तरी खरे आहे. केसाला रंग देणाऱ्या पेशी केसाच्या मुळाशी असलेल्या रंगद्रव्यपेशींच्या मूलपेशींपासून दर नव्या केसाबरोबर तयार होतात. हार्वर्ड विद्यापीठातील गटाने २०२० मध्ये दाखवले की तीव्र ताणात चेतातंतूंतून स्रवणारे नॉरअॅड्रिनॅलिन या मूलपेशींना एकदम जागे करते, त्या सगळ्या रंगपेशींत रूपांतरित होऊन निघून जातात आणि पुढच्या केसासाठी साठा उरत नाही. माणसात मात्र केस कोणत्या वयात पिकतील हे मुख्यतः आनुवंशिकता ठरवते.

प्रश्न : चाळिशीतील आईवडिलांच्या पेशी चाळीस वर्षांच्या असतात. मग त्यांचे मूल शून्य वयाचे कसे जन्मते?
– बारावीची विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : तुझा प्रश्न जीवशास्त्रातील अत्यंत मूलभूत प्रश्नांपैकी आहे, आणि तो तुला सुचला याचा मला मनापासून आनंद झाला. बीजपेशी खरोखरच आईइतक्या वयाच्या असतात, कारण त्या ती स्वतः गर्भात असतानाच तयार होऊन थांबलेल्या असतात. चाळिशीच्या आसपास त्यांतील गुणसूत्रांची विभागणी चुकण्याचे प्रमाणही वाढते. तरीही फलनानंतरच्या पहिल्या दिवसांत मोठी पुनर्रचना होते. कोणते जनुक चालू आणि कोणते बंद ठेवायचे हे ठरवणाऱ्या, डीएनएवर आयुष्यभर साचलेल्या रासायनिक खुणा बहुतांशी पुसल्या जातात आणि टेलोमिअर पुन्हा लांब केले जातात. अशा खुणांवरून वय काढता येते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदराच्या गर्भाचे असे वय सुरुवातीच्या काही दिवसांत खाली येत जाते आणि त्यानंतर पुन्हा वाढू लागते, असे दिसले.

प्रौढ पेशीलाही हे करायला लावता येते. जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या आतड्याच्या पेशीतील केंद्रक बीजात घालून त्यापासून जीव वाढवला. १९९६ मध्ये स्कॉटलंडमध्ये सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतील पेशीपासून डॉली जन्मली. जपानमधील क्योटो विद्यापीठात शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २००६ मध्ये चार जनुके वापरून उंदराच्या त्वचेची पेशी गर्भपेशीसारखी केली, आणि २०१२ चे नोबेल गर्डन व यामानाका यांना मिळून देण्यात आले. हीच जनुके जिवंत प्राण्यात थोडा वेळ चालू करून लगेच बंद केली, तर पेशी आपली ओळख न गमावता तरुण होते का, हे २०१६ पासून उंदरांत तपासले जात आहे आणि काही परिणाम आशादायक आहेत. वेळ थोडी जास्त झाली तर त्याच उंदरांत गाठी होतात. गर्भाला आपले वय पुसता येते ते त्याच्यात अजून एकही अवयव तयार नसल्यामुळे. चालते हृदय किंवा विचार करणारा मेंदू तसाच ठेवून हे साधायचे कसे, हे काम तुझ्या पिढीसमोर आहे.

प्रश्न : माझे वय ५८. गुडघ्यात स्टेम सेलचे इंजेक्शन घेतल्यास कूर्चा नवी होईल, असे एका दवाखान्यात सांगितले. खर्च दोन लाखांवर आहे. तसेच सूनबाईंचे बाळंतपण जवळ आले असून नाळेतील रक्त साठवण्यासाठी एक कंपनी मागे लागली आहे. काय करावे?
– एक गृहिणी, पुणे

उत्तर : इंजेक्शन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा इंजेक्शनांत चरबीतील, मज्जेतील किंवा नाळेतील पेशी असतात आणि त्या गुडघ्यात टिकून नवी कूर्चा बनवतात, असे सिद्ध झालेले नाही. अमेरिकेत ४७५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा तीन प्रकारच्या पेशींची तुलना साध्या, स्वस्त स्टिरॉइडच्या इंजेक्शनाशी केली. वर्षभरानंतर वेदनेत काही सरस फरक आढळला नाही. धोका मात्र खरा असतो. फ्लोरिडात एका दवाखान्यात दृष्टिपटलाच्या आजारासाठी डोळ्यांत चरबीतील पेशी टोचून घेतलेल्या तीन स्त्रियांची दृष्टी गेली, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. आपल्याकडे भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य वापर सोडले तर मूलपेशींचा वापर मंजूर झालेल्या वैद्यकीय चाचणीतच करायचा असतो. दवाखान्याला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तो स्वतः पाहावा. क्रमांक नसेल तर तेथे पुढे काही विचारण्याची गरज नाही.

मूलपेशींचे खरे उपचार आहेत, हेही आपल्याला माहीत असावे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये अस्थिमज्जेचे यशस्वी प्रत्यारोपण झाले आणि तेव्हापासून देशात असंख्य रुग्णांना त्याने जीवदान मिळाले आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून मुलांचे डोळे भाजतात, तेव्हा बुबुळाच्या कडेवरील मूलपेशी नष्ट होतात, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत निरोगी डोळ्यातून सुमारे दोन मिलिमीटरचा तुकडा घेऊन तो जखमी डोळ्यावर रोवण्याची सोपी पद्धत विकसित झाली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही ठिकाणी कोणत्या पेशी हरवल्या आणि कोणत्या पेशींनी त्यांची जागा घ्यायची, हे नेमके ठाऊक आहे. गुडघ्याच्या बाबतीत मांड्यांच्या स्नायूंचा व्यायाम, वजन कमी करणे आणि गरज पडल्यास सांध्याची शस्त्रक्रिया, हे मार्ग अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावेत.

नाळेतील रक्तात रक्ताच्या मूलपेशी असतात. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये फॅन्कोनी अॅनिमिया हा जन्मजात रक्तदोष असलेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्ताने बरे करण्यात आले, ती या उपचाराची सुरुवात. पण त्या मुलाला दुसऱ्याचे रक्त लागले, हे लक्षात घ्यावे. बाळाला पुढे जन्मजात रक्तदोष किंवा बालपणीचा रक्ताचा कर्करोग झाला, तर त्याच्या स्वतःच्या साठवलेल्या रक्तातही तोच जनुकीय दोष असण्याची शक्यता असते, म्हणून ते सहसा वापरता येत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ मध्ये अशा खासगी साठवणुकीला विम्यासारखे मानू नये, अशीच भूमिका घेतली आहे. घरातील एखाद्या मुलाला थॅलेसेमियासारखा आजार असेल, तर मात्र येणाऱ्या भावंडाचे रक्त राखण्याचा विचार रक्तविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने जरूर करावा.

मूलपेशींच्या बाबतीत आपल्या घरातून खरोखर उपयोगी पडेल असे काही करायचे असेल, तर मुलगा आणि, बाळाचे अंगावरचे दूध सुटल्यावर, सूनबाई यांनी स्वेच्छा रक्तमूलपेशी दात्यांच्या नोंदवहीत नाव नोंदवावे. प्रथम गालाच्या आतून बोळ्याने घेतलेला नमुना पुरतो. पुढे कोणा रुग्णाशी जुळणी झाली तर चार-पाच दिवस इंजेक्शने घेऊन दंडातील शिरेतून काही तासांत पेशी काढल्या जातात, आणि दात्याच्या शरीरात त्यांची भरपाई काही आठवड्यांत होते. तरुण दात्याच्या मूलपेशींचे परिणाम रुग्णात अधिक चांगले दिसतात, म्हणून ही नोंद तिशीच्या आत झाली तर उत्तम.